कवड्याची झापडं

१

खोटं बोलणाऱ्या माणसाची शालनला चीड होती, आणि खोटं बोलून वर शपथ घेणारा भेटला की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. वर्गात एखाद्यानं गृहपाठ केला नाही तर ती चार शब्द सुनावून सोडून द्यायची. पण "बाई, आईशप्पथ, वही घरी राहिली" असं कोणी म्हटलं की त्याची धडगत नसे. तिचा नवरा अनंत म्हणायचा, "तू चुकून मास्तरीण झालीस. फौजदार व्हायचीस."

नगरपालिकेची सकाळची शाळा साडेबाराला सुटायची. शालन बसनं चिंचवड स्टेशनाजवळ उतरायची आणि टांगेवाल्यांच्या आळीत वडलांकडे जायची. आळीत टांगा एकही उरला नव्हता, नाव मात्र उरलं होतं. आई जाऊन तीन वर्षं झालेली, आणि दत्तोबांनी छातीच्या दुखण्यामुळं कंपनीची नोकरी वेळेआधीच सोडलेली. लेकीनं भाकरी-कालवण वाढायचं, भांडी घासायची, वह्या तपासायच्या, तीनचा भोंगा झाला की चहा टाकायचा आणि चारच्या बसनं आकुर्डीला आपल्या घरी जायचं. एक्क्याऐंशी सालच्या उन्हाळ्यापासून हे असंच चाललं होतं.

दत्तोबा राहायचे ते पुढच्या खोलीत. ती मुळात खोली नव्हतीच. तो तबेला. घोडा गेल्यावर त्यांनी तिथं फरशी बसवली, खिडकी पाडली आणि आपली बाज टाकली. वरचा पत्रा तोच, आणि कोपऱ्यातली घोड्याच्या पाण्याची दगडी डोणीही तीच, कारण ती हलवायला सहा माणसं लागली असती. आतल्या खोलीत वारा येत नाही, असं ते सांगायचे. खरं तर आतच बरा वारा यायचा.

बाजेपासून दार सरळ सहा पावलांवर. पण दत्तोबा सरळ कधी जायचे नाहीत. भिंतीला पाठ लावून ट्रंकेला वळसा घालायचे, डोणीच्या कडेनं सरकत सरकत दारात पोचायचे. त्यांच्या सगळ्या सदऱ्यांच्या पाठीला चुना. तो धुता धुता शालनच्या हाताची सालपटं निघायची.

"आबा, अहो मधून या की सरळ! मध्ये काय विहीर खणलीय?"

"सवय हाय गं. आसू दे."

"असली कसली सवय? पाच मिनिटं लागतात तुम्हाला दार गाठायला. धाप लागते."

"आसू दे म्हनलं ना."

म्हाताऱ्या माणसाचे चाळे, असं म्हणून तिनं सोडून दिलं. पण गणपती झाल्यानंतरच्या एका दुपारी तिचं माश्यांकडे लक्ष गेलं. डोणीसमोर, खोलीच्या मध्यावर, तिच्या डोक्याच्या जरा वर दहा-बारा माश्या घोंघावत होत्या. तिथं ना दोरी होती ना दिवा. माश्या दोन ठिकाणी गोळा व्हायच्या, हातभर अंतरावर, आणि तिथंच राहायच्या. मध्येच सगळ्या एकदम उडायच्या, कुणी मान झटकावी तशा, आणि पुन्हा येऊन तिथंच गोळा व्हायच्या. शालननं वही आपटून त्यांना हाकललं. तेवढ्यात भोंगा झाला, पत्रा थरथरला, आणि ती चहा टाकायला आत गेली.

२

घोड्याचं नाव होतं कवड्या. अंगानं तांबूस, कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका, पोट जरा सुटलेलं, आणि स्वभाव इतका गरीब की आळीतल्या कोंबड्या त्याच्या पायांत फिरून तोबऱ्यातून सांडलेले हरभरे टिपायच्या. बासष्ट साली दत्तोबांनी टांगा जोडला तेव्हा स्टेशनापलीकडे नुसता माळ होता आणि माळावर चार कंपन्यांची छपरं. सातारा-सांगलीकडनं आलेले फिटर, टर्नर गाडीतून उतरायचे, चौघं चौघं टांग्यात बसायचे आणि कंपनीच्या गेटवर उतरायचे.

कवड्याला भोंगा कळायचा. तीनच्या भोंग्याला पहिली पाळी सुटायची. दत्तोबांनी लगाम हलवायच्या आत तो पाऊल उचलायचा. एरवी मात्र दांड्यांत उभा केला की जागचा हलायचा नाही. दत्तोबा चहाला जावोत, पानाला जावोत, तो आपला समोर बघत उभा.

"बांधायला काय त्यो बैल हाय व्हय?" दत्तोबा मिशीवर हात फिरवून सांगायचे. "मी सोडंस्तवर माझा राजा हालायचा न्हाई."

सोडणं म्हणजे नुसत्या दांड्या सोडणं नव्हे. मुंबई-पुणे रस्त्यावर ट्रकची वर्दळ, म्हणून कवड्याच्या डोळ्यांवर दोन्ही बाजूंनी चामड्याची झापडं असायची. समोरचं तेवढं दिसायचं. ती झापडं निघाली की दिवस संपला, हे त्याचं गणित. आणि ती काढायचं काम शालनचं. इतर कुणी काढलेली त्याला चालायची नाहीत. ती डोणीच्या काठावर चढायची, त्याच्या कानामागं हात घालायची आणि घामानं आवळलेलं पितळी बक्कल अंगठ्यानं रेटून उघडायची. झापडं हातात आली की कवड्या मान वळवून आधी बाजूला कोण आहे ते बघायचा. मग तिच्या डोक्यावर ओठ टेकवून केसांत एक लांबलचक सुस्कारा सोडायचा. भिजल्या हरभऱ्याचा वास यायचा त्याला.

"कार्टीच्या डोक्याला घोड्याची घाण येतीय!" आई ओरडायची. शालन मुद्दाम केस धुवायची नाही.

दत्तोबांनी तिला एकच नियम शिकवला होता. "घोड्याच्या म्हागनं कंदी जायचं न्हाई, पोरी. त्याला दिसंल आसं म्होरनं जायचं. म्हागनं चोर जातो."

सत्तर सालच्या मे महिन्यात ती खेडला मामाकडे गेली होती. अकरा वर्षांची होती. जूनमध्ये परत आली तर तबेला रिकामा आणि बाप कंपनीच्या खाकी कपड्यांत.

"चाकणच्या बाजारात दिला," दत्तोबा म्हणाले. "टांगा, साज, समदं एकदम. मानूस चांगला हाय. शेतावर मोकळा ऱ्हाईल."

"मला न विचारता?"

"अगं घोडा त्यो. त्याचं काय येवढं?"

"खोटं बोलताय तुम्ही. खाटकाला दिला असणार."

"खंडोबाची आण! चांगल्या मान्साला दिला." आणि देव्हाऱ्यातला भंडारा उचलून त्यांनी कपाळाला लावला.

खंडोबा स्वतः घोड्यावर बसणारा देव. त्याची शपथ कोण खोटी घेईल? शालन गप्प बसली. पोरीनं घोड्यासाठी चार दिवस जेवण टाकलं याचं आळीला हसूच आलं. पुढं अकरा वर्षं ती चाकणवरनं कधीही गेली की बसच्या खिडकीतून रानं बघायची. तांबूस घोडा दिसला की ती उठून उभी राहायची, आणि त्याच्या कपाळावर ठिपका नसायचा.

३

खंडेनवमीला हत्यारं पुजतात. कंपन्यांत त्या दिवशी मशिनांना झेंडूच्या माळा, आळीत सायकलींना. शालन शाळेतून लवकर आली. दत्तोबांचा पाना आणि हातोडी तिनं पाटावर मांडली, आणि मग तिला वाटलं, टांग्याचं काहीतरी असावं, एखादी घंटा, चाबकाची काठी. लहानपणी पोसलं ते त्यानंच ना?

दत्तोबा परसात गेले होते. तिनं ट्रंक उघडली. वर कंपनीचा स्वेटर, त्याखाली कागदपत्रं, तळाशी जुन्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी. तिनं उलगडलं.

झापडं होती. कवड्याचीच. डाव्या झापडाला आईनं ठोकलेला तांब्याचा पैसा होता.

आधी नुसता आनंदच झाला तिला. मग हाताला ओल लागली. चामडं मऊ होतं, काळंभोर भिजलेलं. आतल्या बाजूला आखूड तांबूस केस चिकटले होते आणि बकलापाशी पांढरा फेस होता. तिनं बोट जिभेला लावलं. खारट.

शालन मास्तरीण होती. पत्र्याच्या घरात ओल धरते, हे तिला माहीत होतं. पण वरचा स्वेटर कोरडा होता. कागद कुरकुरत होते. झापडाला लागलेलं ते धोतरही कोरडं ठणठणीत होतं.

"ठिव ती."

दत्तोबा दारात होते. आत आले ते भिंतीला चिकटून. तोंडाला कोरड पडलेली दिसत होती.

"ठिव आत. भोंगा व्हायचा हाय."

"आबा, घोडा साजासकट विकला म्हणाला होतात."

त्यांनी ट्रंकेकडे बोट दाखवलं.

"मग ही इथं कशी? झापडांवाचून त्या रस्त्यानं चाकणपर्यंत घोडा नेला कुणी? पहिल्या ट्रकला उधळला असता तो!"

"शालन, तुझ्या पाया पडतो. ठिव."

बाप पाया पडतो म्हणाला, म्हणून तिनं ठेवली. ट्रंकेचं झाकण लागलं आणि भोंगा झाला. खोलीच्या मध्यावरच्या माश्या एकदम उडाल्या आणि हातभर पुढं जाऊन पुन्हा गोळा झाल्या.

त्या दिवशी तिनं चहा टाकला नाही.

४

शेजारच्या कौशल्याबाई दारात तांदूळ निवडत होत्या. तीस वर्षांचा शेजार.

"मावशी, कवड्याचं काय झालं?"

कौशल्याबाईंचा हात सुपात थांबला. "मला नको विचारू बाई. तुझ्या आईनं मला शपथ घातलीय."

घ्या! इथंही शपथ. त्या आळीत शपथांना काही तोटाच नव्हता. "म्हणजे तुम्हाला माहीत आहे."

"सगळ्या आळीला माहीत आहे. तुला सोडून." मग त्यांनाच वाईट वाटलं असावं. "हिंदुरावाला विचार. तो होता गेटवर."

सगळ्या आळीला! अकरा वर्षं ही सगळी माणसं तिच्याशी गोड बोलली, हळदीकुंकवाला आली, लग्नात अक्षता टाकून गेली, आणि ती चाकणची रानं धुंडाळते हे माहीत असून एकाचीही जीभ उचलली नाही. रात्रभर तिचा डोळा लागला नाही.

दसऱ्याला सोनं द्यायचं निमित्त करून ती हिंदुरावांकडे गेली. कंपनीच्या गेटवर वीस वर्षं पहारा केलेला माणूस, आता दमेकरी. त्यांनी आपट्याची पानं घेतली आणि तिच्या तोंडाकडे बघून ओळखलं.

"बस, पोरी. कंदीतरी इचारशील ठावं हुतं."

सकाळी सातच्या आत दत्तोबा चौघांना घेऊन गेटवर आले, हिंदुराव सांगू लागले. त्यांना कंपनीचं पत्र आलं होतं. सही करून येतो म्हणून आत गेले. आत फोरमन म्हणाला, आत्ताच मशिनवर उभा राहा, नाहीतर बाहेर दहा जण उभे आहेत. दत्तोबा राहिले.

"वैशाखाचं ऊन. झाड न्हाई, काय न्हाई. घोडं दांड्यांत हुभं. तुझा बा च्याच्या सुट्टीला भायेर आला, फोरमनसंगं. टपरीकडं जायाची वाट घोड्याच्या म्होरनं. त्यो गेला म्हागनं. भितीला चिकटून. झापडामुळं घोड्याला काय त्यो दिसला न्हाई. येतानाबी तसाच."

"पण का?"

"घोड्यानं बघितला आसता तर खिंकाळला आसता. अर्जात त्यानं वर्कशॉपचा अनुभव लिवलावता. टांगेवाल्याला कोन परमनंट करतंय?"

शालनच्या हातातली पानं चुरगळली होती.

"जेवनाच्या सुट्टीला पुन्ना तसंच. तवा मी म्होरं झालो. मुद्दाम फोरमनदेखत इचारलं, 'दत्तोबा, ह्यो घोडा कुनाचा रं?' म्हनलं, लाज वाटंल. तर म्हनला, 'म्हाईत न्हाई.'"

"आणि तुम्ही? तुम्हाला पाणी दाखवता आलं नाही?"

"दावलं की. झापडं आसताना कुनाच्या हातचं घ्यायचा न्हाई त्यो. वढला, हालंना."

"अहो, मग झापडं काढायची होती!"

हिंदुराव बराच वेळ खोकले. "सुचलं न्हाई, पोरी. दुसऱ्याच्या घोड्याला हात कसा लावावा, आसं वाटलं."

"मग?"

"तीनचा भोंगा झाला. त्यानं पाऊल टाकलं. येकच. आन् दांड्यांसकट खाली बसला, त्यो उठलाच न्हाई."

"आबा?"

"ओव्हरटाइमला थांबला हुता." त्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं. "झापडं मी काडून ठिवली. दुसऱ्या दिशी त्याच्या हातात दिली."

५

दुसऱ्या दिवशी शालन पावणेतीनला आली ती भाकरीचा डबा न आणताच. दत्तोबा बाजेवर भिंतीला टेकून बसले होते.

"किती वेळा गेलात मागून?"

त्यांनी मान खाली घातली.

"मी विचारतेय, किती वेळा?"

"चारदा," दत्तोबा म्हणाले. "पाचव्यांदा जायाची येळच आली न्हाई."

"आणि खंडोबाची आण घेतलीत! भंडारा लावलात कपाळाला! मी पोर होते आबा, मी त्या भंडाऱ्यावर विश्वास ठेवला. काही वाटलं नाही तुम्हाला? ज्यानं आठ वर्षं पोट भरलं त्याला माहीत नाही म्हणालात!"

"हळू बोल. त्यो हितंच हाय."

खोलीत ऊन तापलं होतं. बादलीतलं पाणी थरथरत होतं, आणि रस्त्यानं गाडी तर एकही जात नव्हती. शालननं ट्रंक उघडली. धोतर होतं, गुंडाळी तशीच होती. तिनं ती उलगडली. आत काही नव्हतं.

"पयलं ट्रंकेतच वली व्हायची. तू परवा हात लावलास तवापासनं आसंच हुतंय," दत्तोबा म्हणाले. "सातच्या भोंग्याला जात्यात. तीनच्या नंतर आपोआप येत्यात. वलीचिंब. मी आतल्या खोलीत निजलो की त्यो भितीवर टाचा मारतो. हितं आसलो म्हंजी गप हुभा ऱ्हातो."

डोणीजवळ माश्या होत्या, दोन ठिकाणी. शालन त्यांच्याकडे दोन पावलं गेली. तोंडाला ऊब लागली. पत्र्याचं ऊन, तिनं स्वतःला बजावलं. पण पत्र्याचं ऊन वरनं येतं, ही ऊब समोरून येत होती, आणि येत-जात होती. तिचा हात आपोआप वर गेला.

"काडू नगंस!" दत्तोबा बाजेवर उठून उभे राहिले, पाठ भिंतीला. "शालन, तुला तुझ्या आईची... काडू नगंस. झापडं हायत तवर मी त्याला दिसत न्हाई. त्यानं आजून मला बघितलं न्हाई. काडलीस तर त्यो मान वळवंल, आन् मला बघंल."

तिचा हात थांबला. त्या क्षणी तिला भीती वाटायला हवी होती. पण तिला आला तो संताप.

"म्हणजे अकरा वर्षं याला तुम्ही असंच उभं ठेवलंत? तुमचं तोंड दिसू नये म्हणून? तहानेला, उपाशी? अहो, माणूस आहात की कोण आहात?"

"मला भ्या वाटतं गं."

"वाटू दे! तुम्ही चढवलीत ना झापडं? मग तुम्हीच काढा. मी हात लावणार नाही. तुमच्याही तोंडाला नाही आणि त्याच्याही. म्हाईत न्हाई म्हणून सांगीन मीही."

ती बाहेर पडली. आळीच्या तोंडाशी पोचली तेव्हा भोंगा झाला. मागं, त्या खोलीत, फरशीवर एक पाऊल पडलं. नालेचं. एकच. ती वळून न बघता चालत राहिली. आकुर्डी येईपर्यंत तिच्या लक्षात आलं नाही की आपण बस पकडलीच नाही.

६

रागावलेल्या माणसाला कामं पुष्कळ सुचतात. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर शालननं फळा पुसला, खडू मोजले, कपाट लावलं. शेवटी दोन वाजता तिला स्वतःचीच लाज वाटली. म्हातारा कालपासून उपाशी असेल. ती निघाली.

दार सताड उघडं होतं. बाजेवर कोणी नव्हतं. ट्रंक उघडी, धोतर फरशीवर. माश्याही नव्हत्या. खोली इतकी मोकळी तिनं कधी पाहिली नव्हती, आणि ते तिला मुळीच बरं वाटलं नाही.

"सकाळीच गेले की," कौशल्याबाई म्हणाल्या. "सातच्या भोंग्याला. आणि मधून गेले बाई, बाजेवरनं सरळ दारात! मला नवल वाटलं. हात असा वर धरलेला, कुणाच्या गालाला लावावा तसा. मी हाक मारली तर बघितलं पण नाही."

शालन कंपनीच्या गेटाकडे धावत सुटली.

टांगे जिथं उभे राहायचे तिथं आता रिक्षा उभ्या राहतात, पण पाळी सुटायच्या आधी त्याही नसतात. आश्विनातलं ऊन होतं. गेटासमोरच्या उघड्या जागेत दत्तोबा एकटेच उभे होते, हात बाजूला सोडून, तोंड गेटाकडे. जवळ उभं राहण्यासारखी सावली नव्हती. सदरा घामानं अंगाला चिकटला होता.

स्टेशनाकडून येणारा रस्ता त्या जागेच्या मागच्या भिंतीलगत येतो. शालन त्यांच्यापासून दहा पावलांवर थांबली. गेटवरचा पहारेकरी तिला बघून पुढं आला. नवीन पोरगेलासा माणूस होता, तिला ओळखत नव्हता.

"ताई, हा म्हातारा कुणाचा हो? सकाळपासनं उभाय. पाणी दिलं, घेत नाही. ओढला तरी हलत नाही. बाजूनं हाका मारल्या तर ऐकत पण नाही. तुम्ही ओळखता का?"

शब्द तयार होता. कालच तयार करून ठेवला होता तिनं. माहीत नाही. आणि काय चुकलं असतं? एवढं हिशेबी माप देवालाही साधलं नसतं. तीनला पाच मिनिटं कमी होती. तोंड उघडता उघडता तिला पाठीला काहीतरी खरखरीत लागलं. ती भिंत होती. तिनं पदर बघितला. पदराला चुना लागला होता.

ती मागून आली होती. सगळा रस्ता मोकळा असून भिंतीला चिकटून, चोरासारखी.

शालन भिंत सोडून निघाली. मोठा वळसा घालून समोरून गेली, त्यांना दिसेल अशी. दत्तोबांच्या डोळ्यांत तिची सावली पडली, बुबुळ हललं. ती एक पाऊल बाजूला सरकली, आणि लगेच ते डोळे रिकामे झाले. तिनं त्यांच्या कानशिलाजवळ हात हलवला. पापणी लवली नाही.

"आबा, मी काढते. थांबा."

कानामागं तिनं चाचपलं. कातडी, घाम, पांढरे केस. काही नव्हतं तिथं. भोंग्याला आता मिनिट उरलं असेल-नसेल. मग तिला डोणीचा काठ आठवला. टांग्यांच्या वेळचा एक दगड अजून तिथंच पडला होता, अर्धा मातीत. ती त्याच्यावर चढली आणि वडलांच्या डोक्याच्याही हातभर वर, मोकळ्या उन्हात तिनं हात घातला.

अंगठ्याला बक्कल लागलं.

घामानं आवळलेलं होतं. तिनं रेटलं. नख उलटलं, तरी रेटलं. भोंगा सुरू झाला, जमीन हादरली, दत्तोबांनी पाऊल उचललं, आणि त्याच वेळी बक्कल सुटलं. ओलं चामडं तिच्या हातात आलं, चांगलं जड. काहीतरी मोठं तिच्याकडे वळलं. दत्तोबा तिच्या कमरेपाशी होते, दोन्ही हातांनी तोंड झाकून. सुस्कारा आला तो वरनं, तिच्या केसांत, लांबलचक, भिजल्या हरभऱ्याचा वास असलेला.

"हात काढा आबा," ती म्हणाली. "बघू दे त्याला तुमच्याकडे."

दत्तोबांनी हात काढले. गेटातून पहिल्या पाळीची माणसं सायकली घेऊन बाहेर पडत होती, आणि तो पहारेकरी भोंग्याच्यावर आवाज चढवून पुन्हा विचारत होता, "अहो ताई, कुणाचा आहे?"

"माझा!" शालन त्याच्यावर खेकसली. "दोघेही माझे आहेत!"

पहारेकऱ्यानं म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे, आणि तो दोन पावलं मागं सरकला.